देशोदेशींचे दूरध्वनी-संकेतांक

मनुष्यास वाणी लाभली, परंतु त्या वाणीस स्वतःचे पाय नाहीत. ती दूर न्यावयाची तर कोणीतरी तिचे ओझे वाहिलेच पाहिजे. आपल्या हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानले जाते. येथील वाणी पंजाबात पोहोचावी म्हणून तेराव्या-चौदाव्या शतकांत त्या सत्पुरुषास स्वतः पायपीट करावी लागली. आणि ती इतकी सफल झाली की, त्यांची पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली. आज त्याच नर्सीतील एखादी माता ओसरीवर बसल्या बसल्या समुद्रापलीकडील आपल्या मुलाशी बोलते आणि त्याचा श्वासही तिला ऐकू येतो. मध्ये अंतर आहे ते केवळ दहा-बारा अंकांचे. परंतु हे अंक बरोबर ठाऊक नसले, तर तेवढेच अंतर शेकडो कोसांहून दुस्तर होते. म्हणून या अंकांची रचना कशी आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सोप्या रीतीने समजावून सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

हा विषय आम्हांस सुचण्यास एक दुःखद प्रसंग कारण झाला. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील थोरला मुलगा उद्योगाकरिता सौदी अरेबियात गेला होता. तेथे पोहोचताच त्याने आपला नवा क्रमांक वडिलांस कळविला व तो त्यांनी भिंतीवरील दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात लिहून ठेविला. क्रमांक दहा अंकी असून त्याचा आरंभ ०५ या अंकांनी होत होता. पुढे काही महिन्यांनी वडील एकाएकी आजारी पडले. सायंकाळच्या सुमारास ते शुद्धीवर होते व मुलाशी दोन शब्द बोलण्याची इच्छा त्यांनी पुन्हा पुन्हा दर्शविली. घरच्यांनी व शेजाऱ्यांनी तो क्रमांक वारंवार फिरविला. परंतु प्रत्येक वेळी ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ असेच उत्तर मिळे. क्रमांक चुकीचा लिहिला गेला असावा, अशी सर्वांची समजूत झाली. वस्तुतः एकही अंक चुकलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी मुलाने आपण होऊन दूरध्वनी केला, तेव्हा बोलावयास वडील उरले नव्हते. चूक कोठे होती, हे वाचकांस पुढे आपोआप कळून येईल.

प्रथम आपल्या नित्य परिचयाची एक गोष्ट पाहू. पत्रावर आपण गावाच्या नावापुढे सहा अंकी पिनकोड लिहितो. हिंगोलीचा पिनकोड ४३१५१३ हा आहे. ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी अंमलात आली आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणात जन्मलेले एक महाराष्ट्रीय सद्‌गृहस्थ व संस्कृतचे नामांकित पंडित-कवी होते, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट होय. या अंकांत एक क्रम आहे. पहिला अंक देशाचा मोठा विभाग दाखवितो, पुढील अंक त्यातील लहान प्रदेश दाखवितात, आणि अखेरचे अंक विशिष्ट टपाल-कचेरीपर्यंत पत्रास नेतात. म्हणजे मोठ्याकडून लहानाकडे, असा हा प्रवास आहे. दूरध्वनीच्या क्रमांकाची रचना अगदी अशाच तत्त्वावर झाली आहे.

हिंगोली शहरातील घरच्या दूरध्वनीचा क्रमांक सहा अंकी असतो. गावातल्या गावात तेवढाच पुरतो. परंतु पुण्याहून हिंगोलीस बोलावयाचे झाल्यास त्यापूर्वी ०२४५६ हा हिंगोलीचा संकेतांक जोडावा लागतो. परभणीचा ०२४५२, नांदेडचा ०२४६२, मुंबईचा ०२२, पुण्याचा ०२० असे निरनिराळे संकेतांक आहेत. यांतील आरंभीचे शून्य हा संकेतांकाचा खरा भाग नव्हे, हे विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावे. ते शून्य म्हणजे केवळ वेशीवरील दरवाजा होय. ‘मला गावाबाहेर, परंतु देशातल्या देशात जावयाचे आहे,’ एवढेच ते यंत्रास सांगते. दरवाजा ओलांडल्यावर तो कोणी बरोबर घेऊन जात नाही. शून्य वगळले असता हिंगोलीचा संकेतांक चार अंकी व क्रमांक सहा अंकी मिळून दहा अंक होतात. मुंबईचा संकेतांक दोन अंकी व क्रमांक आठ अंकी मिळूनही दहाच होतात. आणि भ्रमणध्वनीचा, म्हणजे मोबाईलचा, क्रमांक तर मुळातच दहा अंकी असतो. अशा रीतीने आपल्या देशातील प्रत्येक पूर्ण क्रमांक दहा अंकांचा आहे.

आता देशाबाहेर पाऊल टाकू. जगातील प्रत्येक देशास एक ते तीन अंकांचा एक संकेतांक दिलेला असून त्यास व्यवहारात ‘कंट्री कोड’ म्हणतात. भारताचा संकेतांक ९१ हा आहे. हे संकेतांक कोणा एका बलाढ्य राष्ट्राने दुसऱ्यांवर लादलेले नाहीत. १८६५ साली पॅरिस येथे तारायंत्राच्या व्यवहाराकरिता एक आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. १८६९ पासून हिंदुस्थान त्याचा सभासद आहे. तोच संघ आज आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ या नावाने संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली जिनीव्हा येथून काम पाहतो. १९६० नंतरच्या दशकात त्याच्या विद्यमाने जगाचे नऊ विभाग पाडण्यात आले. १ हा अंक अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा व शेजारच्या कित्येक बेटांस मिळाला. २ हा मुख्यत्वे आफ्रिका खंडास, ३ व ४ हे युरोपास, ५ हा मध्य व दक्षिण अमेरिकेस, ६ हा आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियाकडील प्रदेशास, ७ हा तत्कालीन सोव्हिएत संघास, ८ हा पूर्व आशियास आणि ९ हा दक्षिण व पश्चिम आशियास देण्यात आला. म्हणूनच आपल्या शेजाऱ्यांचे संकेतांक पाहिले, तर पाकिस्तान ९२, अफगाणिस्तान ९३, श्रीलंका ९४, म्यानमार ९५, इराण ९८, नेपाळ ९७७, भूतान ९७५ अशी भावंडांसारखी सारखी सुरुवात आढळते. आमच्या जिल्ह्यातील तरुण जेथे कामास जातात, त्या आखाती देशांपैकी सौदी अरेबियाचा ९६६, कुवेतचा ९६५, ओमानचा ९६८, कतारचा ९७४, बहारीनचा ९७३ आणि दुबई ज्यात मोडते त्या संयुक्त अरब अमिरातींचा ९७१ हा संकेतांक आहे.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील की, कोणास एक अंक, कोणास दोन आणि कोणास तीन, असा भेदभाव का? यात मानापमानाचा प्रश्न नाही. सबंध क्रमांकाची लांबी मर्यादित ठेवावयाची असते. आजच्या नियमाप्रमाणे देशसंकेतांकासह ती पंधरा अंकांहून अधिक असू नये. ज्या देशात दूरध्वनी पुष्कळ असावयाचे, त्यास आतील क्रमांकांकरिता अधिक अंक लागणार. म्हणून त्याचा संकेतांक आखूड ठेविला. लहान देशास आत थोडे अंक पुरतात. म्हणून त्यास तीन अंकी संकेतांक चालतो. युरोपास दोन विभाग मिळाले, त्याचे कारणही हेच. तेथे दूरध्वनींची संख्या मोठी असलेले देश अनेक होते.

दुसरा प्रश्न असा की, संकेतांक कोठे संपला व पुढील क्रमांक कोठे सुरू झाला, हे यंत्रास कसे कळते? याचे उत्तर आपल्या आगगाडीकडून घेता येईल. हिंगोलीहून दक्षिणेस निघालेली गाडी पूर्णा जंक्शनास पोहोचते. तेथे एक रूळ परभणी-मनमाडकडे व दुसरा नांदेडकडे फुटतो. सांधा कसा लावला, यावर गाडीची दिशा ठरते. आणि एकदा सांधा ओलांडला की, मागील स्टेशनाचा विचार करण्याचे प्रयोजन राहत नाही. दूरध्वनीचे यंत्रही एकेक अंक पाहून सांधा बदलीत जाते. ९ पाहिला की, ‘दक्षिण किंवा पश्चिम आशिया’. पुढे १ आला की, ‘भारत’, आणि देश ठरला. ९१० पासून ९१९ पर्यंतचा कोणताही संकेतांक दुसऱ्या देशास दिलेला नाही, म्हणून येथे संशयास जागाच नाही. उलटपक्षी ९ च्या पुढे ६ आला, तर यंत्र आणखी एका अंकाची वाट पाहते. कारण केवळ ९६ असा कोणाचाही संकेतांक नाही. एकाचा संकेतांक दुसऱ्याच्या आरंभी कधीही येऊ द्यावयाचा नाही, या एका साध्या नियमावर जगाचा सारा व्यवहार बिनचूक चालला आहे.

या अंकांत इतिहासही दडलेला आहे. पूर्व जर्मनीचा संकेतांक ३७ होता. १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्या व पुढे तो अंक मोकळा होऊन त्याचे तीन अंकी भाग पाडण्यात आले. त्यांतील ३७० लिथुआनियास, ३७१ लाटव्हियास, ३७२ एस्टोनियास मिळाला. चेकोस्लोव्हाकियाचा ४२ हा त्या देशाची वाटणी झाल्यावर ४२० व ४२१ असा विभागला गेला. २०११ साली स्वतंत्र झालेल्या दक्षिण सुदानास २११ हा अंक देण्यात आला. नवे राष्ट्र जन्मास आले म्हणजे ध्वज व राष्ट्रगीत यांजबरोबर त्यास आता दूरध्वनीचा अंकही लागतो.

ही सुलभता आपोआप आलेली नाही, याची जाणीव आजच्या मुलांस असावी. मुंबईत दूरध्वनीचे केंद्र १८८२ साली सुरू झाले, परंतु त्यावरून शहरापुरतेच बोलता येई. १९२७ साली आपल्याच प्रांतातील खडकी व दौंड येथील बिनतारी केंद्रांच्या साह्याने इंग्लंडाशी संदेशांची देवाणघेवाण सुरू झाली, आणि १९३३ साली बिनतारी लहरींवरून प्रत्यक्ष संभाषणाची सोय झाली. १९७१ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे उपग्रहाशी संबंध जोडणारे भूकेंद्र उभारले गेले. तथापि सामान्य माणसास परगावी बोलावयाचे तर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे. संकेतांक फिरवून थेट परगावी बोलण्याची आपल्या देशातील पहिली सोय १९६० साली लखनौ व कानपूर या शहरांमध्ये झाली. पुढे गावोगावी पिवळ्या पाट्यांची दूरध्वनी-केंद्रे निघाली, आणि हिंगोलीच्या बाजारातूनही परदेशी बोलता येऊ लागले. आज आपला आवाज बहुतांशी समुद्रतळावरून घातलेल्या काचतंतूंच्या तारांतून प्रकाशरूपाने धावतो, आणि अशा कित्येक तारा मुंबईच्या किनाऱ्यावर वर येतात. पूर्वी मध्यस्थ माणूस आपली चूक सुधारून देई. आता मध्यस्थ नाही, म्हणून आपणच बिनचूक असले पाहिजे.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. परदेशी क्रमांक फिरविताना चार पायऱ्या ध्यानात धराव्या. पहिली पायरी, देशाबाहेर जाण्याचा दरवाजा. भारतातून तो ०० असा दोन शून्यांचा आहे. दुसरी पायरी, ज्या देशात बोलावयाचे त्याचा संकेतांक. तिसरी पायरी, त्या देशातील गावाचा अथवा भ्रमणध्वनीचा संकेतांक. त्याच्या आरंभी शून्य असल्यास ते गाळावे. चौथी पायरी, उरलेला क्रमांक. आमच्या परिचयाच्या त्या कुटुंबातील क्रमांक ०५ ने सुरू होत होता. यातील शून्य हे सौदी अरेबियातल्या सौदी अरेबियात बोलण्याचे होते. ते गाळून, ०० व ९६६ लावून, पुढे ५ पासूनचे नऊ अंक फिरविले असते, तर मुलाच्या हातातील यंत्र तत्काळ वाजले असते. ०५ तसेच फिरविल्यामुळे येथील यंत्राने तो देशातीलच क्रमांक मानला. कारण आपल्याकडे ०५ ने आरंभ होणारे संकेतांक मुख्यत्वे उत्तर प्रदेशाचे आहेत. अंक सर्व खरे होते, परंतु ते अर्धाच पत्ता सांगत होते.

हा दरवाजा सर्व देशांत एकसारखा नाही, ही आणखी एक अडचण. पुष्कळ देशांत तो ०० आहे. परंतु अमेरिकेतून ०११, जपानातून ०१० व ऑस्ट्रेलियातून ००११ असा आहे. ही भानगड टाळण्याकरिता भ्रमणध्वनीत अधिक चिन्हाची, म्हणजे + या खुणेची, योजना केली आहे. शून्याची कळ क्षणभर दाबून धरली म्हणजे बहुतेक यंत्रांवर ती उमटते. जेथे आपण असू, तेथील दरवाजा ते यंत्र स्वतःच शोधून काढते. म्हणून परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाने निघण्यापूर्वी घरच्यांचे सर्व क्रमांक +९१ या आरंभासह साठवून ठेवावे. असे क्रमांक देशातही चालतात व परदेशातही. हिंगोलीतील घरच्या दूरध्वनीचा क्रमांक +९१ २४५६ व पुढे सहा अंक, असा लिहावा. तेथे शून्य नको. अधिक चिन्ह मात्र गाळू नये. कारण आपल्याकडील कित्येक भ्रमणध्वनी क्रमांकच ९६६ अथवा ९१ या अंकांनी सुरू होतात, आणि चिन्हावाचून तो देशाचा संकेतांक की क्रमांकाचाच भाग, हे पाहणाऱ्यास कळत नाही. नियमास अपवाद असतोच. इटलीतील घरच्या दूरध्वनीच्या क्रमांकाआरंभीचे शून्य गाळावयाचे नसते. तसेच ११२ सारखे संकटकाळचे आखूड क्रमांक देशातल्या देशातच उपयोगी पडतात. परदेशी गेलेल्याने तेथील असा क्रमांक पहिल्याच दिवशी विचारून घ्यावा.

घड्याळाचाही विचार करावा. हिंगोलीत रात्रीचे ९ वाजले असता दुबईत ७॥, रियाधमध्ये ६॥ वाजलेले असतात. लंडनमध्ये हिवाळ्यात दुपारचे ३॥ व उन्हाळ्यात ४॥, तर न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात सकाळचे १०॥ व उन्हाळ्यात ११॥ असतात. आपली सकाळ म्हणजे दुसऱ्याची मध्यरात्र असू शकते. श्रमून निजलेल्यास विनाकारण उठविणे हे प्रेमाचे लक्षण नव्हे.

शेवटी एक सावधगिरीचा इशारा पालकांस देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. जे ज्ञान आप्तांस जवळ आणते, तेच लुच्च्यांपासून रक्षणही करते. अनोळखी परदेशी क्रमांकावरून एकदाच घंटी वाजते व बंद पडते. आपण कुतूहलाने उलट दूरध्वनी केला की, भारी आकार पडतो. या फसवणुकीस ‘एक घंटी आणि बंद’ अशा अर्थाचे ‘वांगिरी’ हे जपानी नावच पडले आहे. + च्या पुढील अंक वाचण्याची सवय असेल, तर ‘या देशात माझे कोण आहे?’ हा प्रश्न सहजच मनात येईल. मार्च २०२४ मध्ये भारत सरकारच्या दूरसंचार विभागाने असाही इशारा दिला की, परदेशी क्रमांकांवरून व्हॉट्सॲपद्वारा सरकारी अधिकाऱ्याची बतावणी करून लोकांस भीती घातली जाते. आपल्या सरकारचा अधिकारी परक्या देशाच्या संकेतांकावरून कशास बोलेल? परंतु याचा उलट अर्थ करू नये. +९१ दिसले म्हणजे माणूस विश्वासाचा, असे मुळीच नाही; परदेशातून बोलत असता येथील क्रमांक दिसेल, अशीही लबाडी करता येते. पैसे अथवा गुप्त अंक मागणारा कोणीही असो, आधी दूरध्वनी बंद करावा व घरात विचार करावा. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. संशयित दूरध्वनीची खबर सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षु’ या सोयीत देता येते.

पवित्र शास्त्रात बाबेलच्या बुरुजाची कथा आहे. भाषा निरनिराळ्या झाल्या, एकाचे बोलणे दुसऱ्यास समजेनासे झाले, आणि माणसे पृथ्वीभर पांगली. आजही आमची माणसे पोटाकरिता दूरदूर पांगतात. परंतु अंकांची भाषा तेवढी सर्व राष्ट्रांनी एक मानली आहे. परस्परांशी वैर असलेले देशही तिचा नियम मोडीत नाहीत. या एकवाक्यतेचा लाभ आपल्या घरास मिळावा, एवढ्याकरिता विद्यार्थिमित्रहो, आम्ही तुम्हांस एक लहानसे काम सांगतो. आज घरी गेल्यावर दूरदेशी असलेल्या आप्ताचा क्रमांक अधिक चिन्ह व देशसंकेतांक यांसह एका कागदावर ठळक अक्षरांत लिहा, तो आजी-आजोबांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी लावा, आणि एकदा तो त्यांच्याच हातून फिरवून घ्या. पलीकडून ओळखीचा आवाज ऐकू आला म्हणजे कागद बरोबर लिहिला गेला, असे समजा.